उपाशी ओळ

त्याला सगळे मामा म्हणत. खरं तर त्या बागेत तो एकाच मुलीचा मामा होता. पण ती तिथे मापं घ्यायच्या कामाला लागली आणि दिवसभर "मामा, पट्टी द्या", "मामा, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय" असं सुरू झालं, तसं बाकीच्यांनीही तेच उचललं. आधी रखवालदाराने, मग ट्रॅक्टरवाल्याने, आणि शेवटी ज्यांच्या शब्दावर ती बाग चालायची त्या संशोधक बाईंनीसुद्धा. बाई वयाने त्याच्याहून मोठ्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. त्या पहिल्यांदा "मामा" म्हणाल्या तेव्हा तो पार कानकोंडा झाला, पण मनातून सुखावलासुद्धा. कामाने तो पाणीवाला होता. पंप सुरू करायचा, ठिबकच्या नळ्यांची तोंडं साफ ठेवायची, टाकीत खत कालवायचं आणि ते कुठल्या ओळीला सोडायचं, कुठल्या नाही, ते कॉक फिरवून ठरवायचं. ठरवायचं म्हणजे काय, बाईंनी ठरवलेलं पाळायचं.

बाग हा शब्दही तसा मोठेपणाच. बाग म्हटल्यावर ज्यांना फुलं आठवतात त्यांनी तिकडे फिरकायचं कारण नव्हतं. वाळवंटाच्या कडेला तारेचं कुंपण, एक पंपघर, अवजारांची पत्र्याची खोली, आणि वाळूत उभ्या जोजोबाच्या ओळी. कमरेएवढी झुडपं, करडी हिरवी, पानं जाड आणि चामड्यासारखी. त्यांच्या बियांतून तेल निघतं आणि ते तेल चेहऱ्याला लावायच्या मलमात जातं. "आपण राबतो ते बायकांच्या गालांसाठी," असं ट्रॅक्टरवाला म्हणे आणि स्वतःच्या फुटलेल्या टाचांकडे बघून हसत सुटे.

बाईंना एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. हे झुडूप मूळचं ओसाड रानातलं. तिथे त्याला कुणी खत घातलं नाही की पाणी. आता लोक ते शेतात लावायला निघाले होते, आणि शेतात आणलं की प्रश्न आलाच, याला खाऊ घालायचं का, आणि घातलं तर ते किती वाढतं? म्हणून एका ओळीला पुरेपूर खत, दुसरीला निम्मं आणि कुंपणालगतच्या तिसरीला काहीच नाही, असं त्यांनी लावून दिलं. पाणी मात्र तिन्हींना सारखं.

"तिसरीला चिमूटभरसुद्धा नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पिवळी पडली तरी नाही. सगळं उत्तर तिच्यावर आहे, मामा."

मामाने मान डोलावली. पण त्याच दिवशी त्याने त्या ओळीचं नाव ठेवलं, उपाशी ओळ.

आता हा माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. अर्थात वेडेपणाचं ते होतंच. मामाला कुणी उपाशी असलेलं बघवत नसे. गल्लीतली कुत्री त्याच्या सायकलचा आवाज ओळखत. पंपघरातल्या मांजरीला तो डब्यातला पहिला घास काढून ठेवी, आणि ती मांजर इतकी लठ्ठ झाली होती की उंदीर तिच्या शेपटीवरून जात. घरी पाहुणा आला की "पोट भरलं" या शब्दांवर त्याचा विश्वासच बसत नसे. त्याची बायको, म्हणजे मामी, हात राखून संसार करणारी होती. वाईट नव्हती, पण तिचा हिशेब सरळ होता. घरात अंडी आली की ती तिच्या दोन पोरांना एकेक आणि नवऱ्याला एक. मामाची बहीण वारली आणि तिची मुलगी, म्हणजे ही भाची, या घरात आली तेव्हा अंड्यांची संख्या काही वाढली नाही.

मामाने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. भांडण त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो फक्त आपल्या ताटातलं अंडं मधोमध कापायचा आणि मामीची पाठ वळली की अर्धं भाचीच्या ताटात भाताखाली सरकवायचा. पोर भात उकरत उकरत तिथवर पोचे, क्षणभर थांबे आणि वर न बघता खाऊन टाके. मामीला कळलं असेल का? देव जाणे. असं वर्षानुवर्षं चाललं. चोरून भलं करायची सवय या माणसाला लागली ती तिथे, आणि चोरून केलेलंही भलंच असतं असा त्याचा समज झाला तोही तिथेच.

तर टाकीत खत कालवून कॉक सोडायची वेळ आली की मामा कॉकपाशी उगाच रेंगाळे. पहिल्या ओळीचा कॉक उघडा, दुसरीचा अर्धा आणि तिसरीचा घट्ट बंद. हा तर धडधडीत पंक्तिप्रपंच! पानं मांडून सगळ्यांना बसवायचं आणि एकाच्या पुढ्यातून वाढप्याने तसंच निघून जायचं. त्याला त्या झुडपांकडे बघायचा धीर होत नसे. उन्हाळ्यात त्या ओळीची पानं जरा जास्त करडी दिसली. दिसली म्हणजे त्याला दिसली. रखवालदाराला तिन्ही ओळी एकसारख्याच दिसत होत्या, आणि त्याने तसं सांगितलंही.

"तुझी नजर गेलीय," मामा त्याला म्हणाला.

उन्हाळा सरता सरता एका दुपारी, सगळे पत्र्याच्या खोलीत पडलेले असताना, मामा डबा घेऊन उपाशी ओळीकडे गेला. डब्याच्या खालच्या कप्प्यात त्याचं जेवण होतं आणि वरच्या कप्प्यात दाणेदार खत. एकेका झुडपाच्या बुडाशी त्याने मूठ मूठ टाकलं, बोटांनी वाळू सारून झाकलं आणि मगच जेवायला बसला. त्या दिवशी जेवण त्याला भलतंच गोड लागलं. पुढे हा नेमच झाला. थंडी तोंडावर आली तरी मामाची मूठ चालूच. मामी घरी डबा घासताना कुरकुरे, "अहो, या वरच्या कप्प्याला पांढरं पांढरं कसलं धरलंय? नेता तरी काय यातून?" तो म्हणे, "मीठ." एवढं मीठ नवरा कशाला लावून खातो, याचा मामीने बरेच दिवस विचार केला आणि त्याच्या रक्तदाबाची काळजी करू लागली.

भाची आता मोठी झाली होती. तिला हे काम मामानेच मिळवून दिलं होतं, बाईंपुढे उभं राहून, "पोरीच्या डोळ्यातून केस सुटत नाही" असं सांगून. आणि ते खरंही होतं. प्रत्येक झुडपाच्या ठरलेल्या फांद्यांना बुडाशी रंगीत दोरा बांधलेला होता. ती गुडघ्यावर बसून, झुडपात डोकं घालून, दोऱ्यापासून शेंड्यापर्यंत पट्टी लावी, पुटपुटत आकडा दोनदा म्हणे आणि मग लिही. घाई नाही, अंदाज नाही. ट्रॅक्टरवाला तिला चिडवी, "अगं, नवरा बघताना एवढी मापं घेऊ नकोस, बिनलग्नाची राहशील." ती म्हणे, "तुमच्या बायकोने घेतली नाहीत, म्हणून तुम्ही खपलात."

आणि तिच्या मापांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. थंडीआधी या झुडपाने हात आखडते घ्यावेत, नवीन पालवी थांबवावी. पोसलेल्या दोन्ही ओळींचं खत बाईंच्या हुकमाने उन्हाळ्यातच बंद झालं होतं, आणि त्या तशा थांबल्या होत्या. बिनखताची ओळ मात्र वाढतच होती. कोवळे पोपटी शेंडे, पहिल्या ओळीहून लांब. झुडपं बियांपासून केलेली, त्यामुळे एक उंच तर एक बुटकं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पट्टीला कळलं होतं. भाचीने ते आकडे जसेच्या तसे बाईंना शहरात पाठवले.

मामाला आनंद झाला होता हो! हे सांगताना लाज वाटते, पण झाला होता. पोपटी शेंड्यांवरून तो हात फिरवी. "बघा, भरल्या पोटी कसं दिसतंय," असं मनाशी म्हणे. आपण बाईंच्या सगळ्या खटाटोपात खोडा घातलाय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला वाटे, एका ओळीने चार घास खाल्ले तर कुणाचं काय गेलं?

मग थंडीची लाट आली. एका सकाळी पानांवर दव गोठून पांढरा थर बसला. पोसलेल्या ओळींचं फारसं बिघडलं नाही. त्यांची पानं जाडजूड होती, वाढ थांबलेली होती. पण उपाशी ओळीचे ते कोवळे शेंडे ऊन चढताच काळे पडून लोंबू लागले, आणि पानांच्या कुशीतल्या कळ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. मामा एकेक काळा शेंडा उचलून बघत त्या ओळीतून चालत गेला. आणि त्याला सुचलं काय, तर कात्री आणायचं. थंडीने मेलेला पाला छाटणं हे त्याचंच काम होतं, आणि ओळ अशी काळीठिक्कर दिसलेली त्याला बघवेना. त्याने एकूण एक शेंडा, काप पानांआड जाईल अशा सफाईने, छाटला, पोतं भरलं आणि जाळून टाकलं. भाची त्या आठवड्यात तापाने घरी होती. ती परत आली तेव्हा ओळ स्वच्छ, नीटनेटकी.

पाठोपाठ बाई आल्या. त्या आकड्यांवरून चक्रावल्याच होत्या. गाडीतून उतरल्या त्या थेट कुंपणाकडे, हातात स्वतःची पट्टी. मामा मागे, भाची मागे, आणि जरा लांब रखवालदार आणि ट्रॅक्टरवालाही येऊन उभे राहिले. बाईंनी एक फांदी मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली आणि चष्मा वर सरकवला.

"तू पाठवलेल्या मापापेक्षा ही फांदी वीतभर कमी आहे," त्या भाचीला म्हणाल्या. "हीसुद्धा. हीसुद्धा. वाढलेली फांदी परत आत जाते का गं?"

"मी मोजलं तेव्हा तेवढी होती, बाई," भाची म्हणाली.

"थंडी पडायच्या दिवसांत, बिनखताची ओळ, सगळ्यांत जास्त वाढली?"

"पट्टीने जे दाखवलं ते मी लिहिलं."

"सावलीत बसून आकडे भरणारे मी खूप पाहिलेत," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. "कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं. खोटं नाही लिहायचं. मामा, तुम्ही रोज इथे असता. तुम्ही सांगा. ही ओळ एवढी वाढली होती?"

आता या प्रश्नाला किती सोपं उत्तर होतं! हो. एक अक्षर. पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. मामाने तोंड उघडलं. त्याला डबा दिसला, वरचा कप्पा दिसला, कात्री दिसली, पोत्याचा धूर दिसला. आपली नोकरी दिसली, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे बाईंच्या तोंडचं ते "मामा" दिसलं, जे पुन्हा ऐकू आलं नसतं.

"माझं सगळं लक्ष पाण्याकडे असतं, बाई," तो म्हणाला.

भाचीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली झुडपाच्या बुडाकडे बघत होती, आणि चपलेच्या टोकाने हळूहळू वाळू पुढे लोटत होती. पोर लाजेने पाय घासतेय असं मामाला वाटलं. मग तिने दोऱ्याचं रीळ आणि पट्टी बाईंच्या हातात दिली, "बरं" म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली. तिची पाण्याची बाटली पंपघराच्या पायरीवर तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मामाला जेवण गेलं नाही. मामीने विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. बिघडलं होतं ते पोट नव्हतं. पण ते काय होतं त्याचं नाव त्याला घेता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो भाचीच्या खोलीवर गेला. ती आता वेगळी राहत होती, एका जिन्याखालच्या खोलीत. त्याने संत्री नेली होती. तिने ती सोलून अर्धी त्यालाच खायला लावली आणि म्हणाली, "जाऊ द्या हो मामा. गुडघे सोलवटून निघाले होते माझे तसेही." तो फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढत बसला, सगळ्या शिरा निघाल्या आणि मग उठून घरी आला.

तिला एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरींच्या घड्या घालायच्या. दिवसभर उभं राहायचं, आणि वाफेने जीव नकोसा. बागेची गोष्ट तिच्याआधी तिथे पोचली होती, कारण रखवालदाराची मेहुणी तिथेच इस्त्रीला होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "हीच ती, मनाने आकडे लिहिणारी," असं झालं. कुणी फार छळ केला नाही. फक्त तिने मोजून ठेवलेल्या चादरी मुकादम पुन्हा मोजून घेई. हे मामाला भाचीने नाही सांगितलं, रखवालदाराने सांगितलं, हसत हसत. मामा त्याच्याबरोबर हसला. आणि मग पंपघरात जाऊन, दार लावून, टाकीच्या कडेला डोकं टेकून उभा राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

डब्यातून खत नेणं त्याने सोडलं होतं, हे सांगायला नकोच. उपाशी ओळ आता खरोखर उपाशी राहिली. मामा तिच्याकडे अपराध्यासारखा बघे. आता ही पिवळी पडेल, सुकेल, आणि एका परीने त्याला तसं व्हायला हवंच होतं, म्हणजे आपण केलं ते गरजेचं तरी ठरलं असतं. पण ओळ सुकली नाही. उन्हाळा गेला, झुडपं उभी होती. पानं करडी ती करडीच, तशीच जाड, तशीच गप्प. थंडी आली, दव पुन्हा गोठलं आणि या वेळी एकही शेंडा काळा पडला नाही. कळ्या टिकल्या. हंगामात त्या ओळीखाली पसरलेल्या कापडावर बिया पडू लागल्या तेव्हा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "गेल्या साली ही ओळ पार भाकड गेली होती की! आता बघा, पहिलीच्या बरोबरीने देतेय." मामाने बियांची मूठ भरून घेतली. तपकिरी, शेंगदाण्याएवढ्या, सोललेल्यासारख्या गुळगुळीत. तिला काही नकोच होतं. त्याची एकेक मूठ तिच्या कळ्यांवर उठली होती आणि तीच गोष्ट तो दया समजून बसला होता. हे कळलं तेव्हा त्याला आपल्या हातांचीसुद्धा लाज वाटली.

तरी तो गप्पच राहिला. माणूस एकदा गप्प बसला की दर दिवशी बोलणं अधिक अवघड होतं. बाई येत, स्वतः गुडघ्यावर बसून मापं घेत. त्यांचे गुडघे दुखत. त्या उठताना मामा हात देई आणि त्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवता दुसरीकडे बघे.

एका भेटीत त्या उठल्या, साडीवरची वाळू झटकली आणि म्हणाल्या, "मामा, हे आता माझ्याच्याने होत नाही. मापं घ्यायला कुणीतरी ठेवावंच लागेल. तुमच्या पाहण्यात आहे कुणी?" आणि जरा थांबून, "या वेळी प्रामाणिक असेल असं बघा."

त्या हे टोचून बोलल्या नव्हत्या. सहज बोलल्या. पण मामाला कुणी भर चौकात थोबाडीत मारावं तसं झालं. तो पंपाच्या कठड्यावर खाली बसला.

"होती ती प्रामाणिकच होती, बाई," तो म्हणाला. "खोटा मी आहे. खत मी घातलं."

"कुठे घातलं?"

"उपाशी... त्या तिसऱ्या ओळीला. डब्यातून आणायचो. दुपारी घालायचो. शेंडे खरंच वाढले होते, बाई. पोरीने मोजले तेवढेच होते. थंडीने जळाले आणि मी छाटून टाकले."

बाईंनी वही काढली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि ते रागावण्यापेक्षा कठीण गेलं. कुठलं खत? कधीपासून? प्रत्येक झुडपाला? बुडाशी की लांब? शेवटची मूठ थंडीच्या किती आधी? मामा पोलिसांपुढे सांगावं तसा एकेक सांगत गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"का पण?" त्या शेवटी म्हणाल्या.

"बघवत नव्हतं."

"काय बघवत नव्हतं?"

"सगळ्यांना वाढायचं आणि तिच्याच वेळी कॉक बंद करायचा..."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मामा, हे झुडूप अर्धपोटी राहायलाच शिकलेलं आहे. त्याची मुळं खोल जाऊन लागेल तेवढं शोधतात. थंडीच्या तोंडावर वरून घातलंत की ते पाला धरतं, कोवळं राहतं, थांबायची वेळ विसरतं. आणि मग थंडीत तेच आधी जळतं. पाला खूप, बी नाही. माझ्या एका वर्षाच्या कामाची माती झाली, ते मी बघेन. तुमचं काय करायचं तेही नंतर बघू." त्यांनी चष्मा घातला. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण त्या मुलीला मी सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले. तिच्या मापावर माझा विश्वास बसला नाही, कारण उत्तर काय यायला हवं ते मी आधीच ठरवून बसले होते. चला."

"आत्ता?"

"मग कधी?"

धुलाईघर हॉटेलच्या मागच्या अंगाला होतं. वाफ, साबणाचा वास, यंत्रांची घरघर. भाची एका लांब टेबलापाशी चादरीची दोन टोकं धरून उभी होती. दुसरी दोन टोकं रखवालदाराच्या मेहुणीच्या हातात. बाईंना बघून भाचीने चादर सोडली नाही, घडी पूर्ण केली, ठेवली आणि मग हात पुसले.

बाई तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझी मापं बरोबर होती. एकूण एक. चूक माझी होती. मी तुझी माफी मागायला आणि तुला परत कामावर न्यायला आलेय." मेहुणीचा घडीवरचा हात तिथेच थांबला. मुकादमही वळून बघू लागला.

"मला ठाऊक होतं बरोबर होती ते," भाची म्हणाली.

"तुझ्या मामांनी आज सगळं सांगितलं. त्या ओळीला खत..."

"तेही ठाऊक होतं."

मामाने मान वर केली. बाईही गोंधळल्या. "ठाऊक होतं? कधीपासून?"

"गुडघ्यावर बसून मोजायचे मी. झुडपाच्या बुडाशीच तर नाक असायचं माझं. वाळूत दाणे दिसायचे." ती जरा हसली. "आणि वाळू बोटांनी सारलेली. ती बोटं मी ओळखते."

आता मामाला ती चप्पल दिसली, चपलेचं टोक, आणि वाळू. पोर लाजेने पाय घासत नव्हती. बाई समोर उभ्या असताना, स्वतःला खोटारडी ठरवलं जात असताना, ती खाली उरलेले दाणे झाकत होती. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मग बोलली का नाहीस?" बाई म्हणाल्या. "एका शब्दाने सुटली असतीस."

भाचीने उत्तर बाईंना दिलं नाही. ती मामाकडे वळली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि तो बघू शकत नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "भाताखाली अर्धं अंडं असायचं, ते तरी मी कधी कुणाला सांगितलं होतं का?"

यंत्रं घरघरत होती. मामाचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते. भाचीने टेबलावरची पुढची चादर उचलली, तिची दोन टोकं त्याच्या हातांत दिली आणि म्हणाली, "धरा. घट्ट धरा. ही झाली की निघू." त्याने टोकं धरली. ती मागे मागे सरकत गेली, चादर ताणली गेली, आणि मग घडी घालायला ती त्याच्या दिशेने चालत आली.